चिसोसच्या वाटेवर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेक्सास हे राज्य आणि मेक्सिको देश यांच्यामधील सीमा रिओ ग्रांदे या नदीने आखलेली आहे. आग्नेय दिशेने वाहत येणारी ही नदी एके ठिकाणी एकाएकी ईशान्येकडे वळते. नकाशात पाहिले, तर एखाद्याने हाताचे कोपर वाकवावे तसा तिचा आकार दिसतो. या कोपराच्या आतील ओसाड मुलखाला लोकांनी ‘बिग बेंड’, म्हणजे ‘मोठे वळण’, असे साधेच नाव दिले. आणि १२ जून १९४४ रोजी तेथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, तेव्हा त्यालाही तेच नाव मिळाले. उद्यान हा शब्द ऐकताच फुलांचे ताटवे, हिरवळ आणि कारंजी डोळ्यांपुढे उभी राहतात. येथे त्यांतले काहीही नाही. ३,२४२ चौरस किलोमीटरांच्या या विस्तारात खडक, वाळू, काटेरी झुडपे आणि कोरडे ओढे यांचेच राज्य आहे. तरीही दरवर्षी लाखो माणसे येथे येतात आणि त्यांतील कित्येक जण पाठीवर शिधा व राहुटी बांधून पायी चालू लागतात. त्यांना ओढून आणतो तो या वाळवंटाच्या मध्यभागी उभा असलेला चिसोस नावाचा डोंगर.

हा सारा प्रदेश चिवावाच्या विशाल वाळवंटाचा एक भाग होय. या वाळवंटाच्या पूर्वेस आणि पश्चिमेस मेक्सिकोतील उंच पर्वतरांगा आहेत. समुद्रावरून येणारे ढग त्यांना अडतात, तिकडेच रिते होतात आणि पलीकडच्या भूमीला वाट पाहत बसावे लागते. सह्याद्रीच्या पूर्वेकडील माणदेश ज्या कारणाने कोरडा राहिला, त्याच जातीचे हे कारण आहे. येथील सखल भागात वर्षाकाठी सुमारे २५ सेंटिमीटर पाऊस पडतो, आणि तोही बहुधा उन्हाळ्याच्या उत्तरार्धातील दोन-तीन महिन्यांत, गडगडाट करीत.

या तापलेल्या मैदानातून चिसोसचे सुळके एकदम वर उठले आहेत. सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी या भागात ज्वालामुखींचे उद्रेक झाले. त्यांतून बाहेर पडलेल्या रसाचे व राखेचे थर थिजून जे खडक बनले, त्यांचा हा डोंगर आहे. नदीचा काठ समुद्रसपाटीपासून अवघा सुमारे ५५० मीटर उंच, तर चिसोसचे एमरी हे सर्वांत उंच शिखर सुमारे २,३८५ मीटर! उंची वाढत जाते तसतशी हवा थंड होत जाते, हा निसर्गाचा नियम आहे. त्यामुळे नदीकाठी अंगाची काहिली होत असताना डोंगरात दहा अंशांनी किंवा त्याहूनही अधिक कमी तापमान असते. थंड झालेल्या हवेतील बाष्प तेथे अधिक सहज पावसाचे रूप घेते. सखल वाळवंटाच्या जवळजवळ दुप्पट पाऊस डोंगरमाथ्यांना मिळतो. चहूकडे वाळवंटाचा समुद्र आणि मध्ये हे हिरवे बेट, असे चित्र तयार होते. शास्त्रज्ञ अशा डोंगरांना ‘आकाशबेटे’ असेच म्हणतात.

समुद्रातील बेटावर जहाज फुटून अडकलेले लोक असावेत, तसे या बेटावर अडकलेले वृक्ष आहेत. हजारो वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात, पृथ्वीवरील हवामान आजच्याहून पुष्कळ थंड होते. त्या काळी जेथे आज निवडुंग उगवतो, तेथेही ओक, पाइन आणि जुनिपर यांची राने होती. पुढे हवा तापू लागली, पाऊस घटला आणि ही राने हळूहळू वर सरकत गेली. सपाटीवर उरलेली झाडे मेली; डोंगरात चढलेली जगली. चिसोसच्या सावलीच्या घळींतून आजही डग्लस फर, सायप्रस आणि मेपल हे थंड प्रदेशातील वृक्ष उभे आहेत, आणि एमरी शिखराच्या उतारावर तर ॲस्पेनची एक लहानशी राई टिकून आहे. त्यांना आता खाली उतरता येत नाही आणि याहून वर जाण्यास जागा नाही.

वाळवंटातून या बेटावर नेणारा रस्ता कसा झाला, ही कथाही ऐकण्यासारखी आहे. १९२९ नंतर अमेरिकेत मोठी मंदी आली. गिरण्या व कारखाने बंद पडले आणि लक्षावधी तरुण बेकार झाले. सरकारने त्यांच्यासाठी ‘नागरी संवर्धन दल’ उभारले. मे १९३४ मध्ये या दलाचे सुमारे दोनशे तरुण चिसोसच्या पोटात येऊन दाखल झाले. त्यांतील बहुतेक मेक्सिकन वंशाचे व स्पॅनिश बोलणारे होते. जवळचे गाव सुमारे १३५ किलोमीटरांवर. आल्याबरोबर त्यांना जे पहिले काम करावे लागले, ते छावणी उभारण्याचे आणि भरवशाचे पाणी मिळवण्याचे. मग टिकाव, फावडी आणि हातांनी भरावी लागणारी एक मालमोटार एवढ्या सामग्रीवर त्यांनी डोंगरात चढणारा सुमारे अकरा किलोमीटरांचा रस्ता खोदला. दहा हजार खेपा माती आणि दगड हलवले गेले आणि पावसाचे पाणी रस्ता तोडून नेऊ नये म्हणून त्याखाली सतरा दगडी मोऱ्या बांधण्यात आल्या. महिन्याला तीस डॉलर वेतन होते. त्यांतील पंचवीस डॉलर परस्पर घरी पाठवले जात. आजही डोंगरात येणाऱ्या मोटारी त्यांनीच आखलेल्या मार्गाने चढतात.

या रस्त्याने वर येताना दोन्ही बाजूंना वाळवंटातील वनस्पती दिसतात. घाईने जाणाऱ्याला त्या साऱ्या सारख्याच करड्या आणि निर्जीव वाटतात. वस्तुतः पाण्याचा हिशेब प्रत्येकीने आपापल्या रीतीने बसवलेला आहे. ओकोतियो नावाच्या झुडपाच्या लांबलचक काटेरी काठ्या जमिनीतून वर आलेल्या असतात. ते वाळून गेले आहे असेच कोणालाही वाटावे. पण एखादी सर पडून गेली की थोड्याच दिवसांत प्रत्येक काठी बारीक हिरव्या पानांनी भरून जाते. जमीन पुन्हा सुकली की ते पाने झाडून मोकळे होते आणि पुढच्या सरीची वाट पाहत राहते. वर्षातून असे अनेकदा घडते. निवडुंगाने पानांचा मोहच सोडला आहे. त्याची पाने म्हणजे काटे, आणि अन्न तयार करण्याचे काम जाड हिरव्या फड्यांकडे. महाराष्ट्रात माळरानावर व कुंपणावर दिसणारा फड्या निवडुंग हा अमेरिका खंडातूनच भारतात आला, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

तीच गोष्ट घायपाताची. बांधावर लावतात आणि ज्याच्या पानांपासून वाख काढून दोर वळतात, ते घायपात मूळचे अमेरिकेचे. चिसोसच्या उतारांवर त्याचे एक भाऊबंद मोठ्या संख्येने आढळते. त्याची जाड, टोकदार पाने जमिनीलगत फुलासारखी पसरलेली असतात. बहुतेक झाडांच्या पानांवरील सूक्ष्म छिद्रे दिवसा उघडी असतात. घायपात व निवडुंग यांची छिद्रे मात्र उन्हात मिटलेली असतात आणि रात्री गारव्यात उघडतात. त्यामुळे आतील पाणी बाहेर कमी जाते. अशी काटकसर करीत हे झाड वीस, तीस, कधी त्याहूनही अधिक वर्षे जगते आणि मग आयुष्यात एकदाच फुलते. पाहता पाहता मधून चार-पाच मीटर उंचीचा दांडा वर निघतो, त्यावर पिवळ्या फुलांचे घोस येतात आणि साठवलेले सारे सत्त्व त्यांत ओतून झाड मरून जाते. या फुलांतील मध पिण्यासाठी मेक्सिकोतून लांब नाकाची वटवाघळे उन्हाळ्यात येथे येतात. एका फुलावरून दुसऱ्या फुलाकडे जाताना त्यांच्या तोंडाला लागलेले पराग पसरतात. वटवाघळे आली नाहीत, तर घायपाताला बी धरणे कठीण. आणि घायपात नसेल, तर वटवाघळांना एवढा प्रवास झेपावयाचा नाही.

रस्ता संपतो तो चिसोसच्या मधोमध असलेल्या एका वाडग्यासारख्या खोऱ्यात. त्याची उंची सुमारे १,६४५ मीटर, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई जेवढे उंच, तेवढ्या उंचीवर या डोंगराचा तळ! चारही बाजूंनी तांबूस कडे उभे आहेत आणि मध्ये छावणीची जागा आहे. डोंगरमाथ्यावरच्या पायवाटांच्या कडेलाही मुक्कामासाठी लहान लहान जागा नेमून दिल्या आहेत. त्यांचा परवाना आधी घ्यावा लागतो. कोणीही कोठेही राहुटी ठोकावी, अशी मुभा तेथे नाही. जेथे माती तयार होण्यास शतके लागतात, तेथे एका राहुटीखाली दबलेले गवतही लवकर उठत नाही. उद्यान होण्यापूर्वी काही वर्षे या मुलखात गुरे, मेंढ्या आणि शेळ्या बेसुमार चारण्यात आल्या होत्या. तेव्हा उजाड झालेली काही कुरणे पुढे कित्येक दशके सावरली नाहीत.

छावणीत आल्यावर प्रवाशाच्या नजरेस प्रथम येते ती लोखंडी पेटी. प्रत्येक मुक्कामाच्या जागी अशी एक भक्कम पेटी असते आणि सारा शिधा, भांडी, साबण, इतकेच काय दात घासण्याचे औषधसुद्धा तिच्यात ठेवून ती बंद करावी लागते. हा बंदोबस्त चोरांसाठी नाही, अस्वलांसाठी आहे. एके काळी चिसोसमध्ये काळी अस्वले पुष्कळ होती. शिकारी आणि गुराखी यांनी ती मारली आणि १९४४ साली उद्यान झाले, तेव्हा तेथे नांदणारे अस्वल उरले नव्हते. पुढे चार दशके डोंगर रिकामाच राहिला. मग १९८० च्या दशकाच्या अखेरीस पिलांसह हिंडणारी एक अस्वली लोकांच्या दृष्टीस पडली. त्यांना कोणी पिंजऱ्यात घालून आणले नव्हते. नदीपलीकडे मेक्सिकोत सिएरा देल कारमेन ही उंच, वृक्षाच्छादित रांग आहे. तेथून नदी ओलांडून आणि मधले उघडे वाळवंट तुडवून ती आपण होऊन आली होती. ओकची फळे, निवडुंगाची बोंडे आणि घायपाताचे गाभे खाऊन ती येथे पुन्हा नांदू लागली. अशा अस्वलाला माणसाच्या भाकरीची एकदा चटक लागली की ते छावणीभोवती घुटमळू लागते, धीट होते, आणि शेवटी त्याला पकडून दूर न्यावे लागते किंवा ठारही करावे लागते. उघडी राहिलेली पेटी माणसाला एका जेवणापुरती महाग पडते, अस्वलाला मात्र प्राणावारी.

दुसरा नियम विस्तवाचा. शेकोटी पेटवल्यावाचून मुक्कामाला मजा नाही, असे पुष्कळांना वाटते. पण येथे लाकडाचा जाळ करण्यास पूर्ण बंदी आहे. स्वयंपाक लहानशा गॅसच्या चुलीवर करावा लागतो. एप्रिल २०२१ मध्ये डोंगराच्या दक्षिण भागात वणवा लागून पाचशे हेक्टरांहून अधिक रान होरपळले. सपाटीवरचे जंगल जळाले तर शेजारच्या जंगलातून बी येऊन पडते. येथे शेजारी वाळवंट आहे. हिमयुगापासून टिकून राहिलेल्या वृक्षांची एक राई गेली, तर तिच्या जागी दुसरी येणार कोठून?

शेकोटी नसल्याचा एक लाभ मात्र रात्री कळतो. सूर्य मावळून तास-दीड तास झाला की आकाश चांदण्यांनी इतके दाटते की ओळखीची नक्षत्रेही गर्दीत हरवून जातात. आकाशगंगेचा पट्टा एका कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत पसरलेला दिसतो. मोठी शहरे फार दूर असल्याने आणि उद्यानातील दिव्यांवर खाली तोंड केलेली झाकणे बसवल्याने हा अंधार राखला गेला आहे. २०१२ साली या उद्यानाला ‘आंतरराष्ट्रीय अंधाकाश उद्यान’ म्हणून मान्यता मिळाली. २०२२ साली टेक्सास व मेक्सिको यांच्या सीमेच्या दोन्ही अंगांचा मिळून एक विस्तीर्ण प्रदेश अशाच रीतीने राखीव ठरवण्यात आला.

डोंगर चढण्याचा दिवस पहाटेच सुरू होतो आणि त्याचा आरंभ पाणी मोजण्याने होतो. येथे चालणाऱ्या प्रत्येक माणसाने दिवसाला सुमारे चार लिटर पाणी बरोबर बाळगावे, असे उद्यानाचे सांगणे आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. दोन दिवसांचा मुक्काम माथ्यावर करावयाचा म्हटला, तर आठ किलो नुसत्या पाण्याचे झाले. त्यावर राहुटी, अंथरूण, शिधा आणि चूल. पाठीवरचे ओझे वाढते तसा घाम वाढतो आणि घाम वाढतो तशी तहान वाढते. म्हणून जाणते प्रवासी इतर सामानाला कात्री लावतात, कपडे कमी करतात, भांडे एकच ठेवतात. पाण्याला मात्र हात लावत नाहीत. वाटेत एक झरा आहे. पण तो कधी वाहतो तर कधी नुसता ओला डाग उरतो. त्याच्यावर भिस्त ठेवून निघणे हा शुद्ध वेडेपणा होय. उद्यानरक्षकांकडे चौकशी करावी, पाणी असेल तर ते शुद्ध करून घ्यावे आणि तेथे पाण्यावर येणाऱ्या पशुपक्ष्यांचा वाटा शिल्लक ठेवावा.

वाट पहिल्यापासूनच चढू लागते. खोऱ्यातील जुनिपर व ओक मागे पडतात आणि नागमोडी वळणांनी पायवाट कड्याकडे सरकते. या वळणांना कंटाळून काही उतावळे लोक मधूनच सरळ चढून जातात. दोन-चार मिनिटे वाचतात. परंतु त्यांच्या पावलांनी जी सरळ चाकोरी पडते, तिच्यातून पुढच्या पावसाचे पाणी वेगाने धावते, चाकोरीची घळ होते आणि बांधलेली पायवाटच वाहून जाते. वाटेच्या कडेला एक निराळाच वृक्ष भेटतो. त्याच्या फांद्या खाली लोंबत असतात, पाने मलूल दिसतात, जणू त्याला कित्येक दिवसांत पाणी मिळालेले नाही. पण तो आजारी नाही आणि तहानलेलाही नाही. लोंबत्या जुनिपरची ही जातच तशी दिसते. मेक्सिकोच्या डोंगरांत ती सर्वत्र आहे. अमेरिकेत ती पाहावयाची, तर याच मुलखात यावे लागते.

खिंड ओलांडल्यावर हवा बदलते. ‘बूट’ नावाच्या दरीत सावली दाट आहे. उलटा टांगलेला जोडा वाटावा अशा एका खडकाच्या सुळक्यावरून तिला हे नाव पडले. येथे एप्रिलपासून कोलिमा वटवट्या नावाचा करड्या रंगाचा चिमुकला पक्षी मेक्सिकोतून येतो आणि ओकच्या सावलीत जमिनीवर घरटे करतो. दिसण्यात त्याच्यात विशेष काही नाही. पण अमेरिकेत तो मुख्यत्वे याच डोंगरात वीण करतो, त्यामुळे केवळ त्याचे एक दर्शन घेण्यासाठी पक्षिप्रेमी हा सारा चढ चढून येतात. हरणांतही असाच भेद दिसतो. खेचरासारखे लांब कान असलेली मोठी हरणे खालच्या वाळवंटात, तर पांढऱ्या शेपटीची लहान चणीची कारमेन हरणे वर रानात. हीदेखील हिमयुगानंतर बेटावर अडकलेल्यांपैकीच होत.

येथून एक फाटा एमरी शिखराकडे जातो. १८५० च्या दशकात अमेरिका व मेक्सिको यांची सीमा मोजणाऱ्या विल्यम एमरी या अधिकाऱ्याचे नाव त्याला दिले आहे. खोऱ्यातून जाऊन-येऊन सुमारे सतरा किलोमीटरांची ही चाल आहे. शेवटचे काही मीटर उघड्या खडकावर हातापायांनी चढावे लागते, आणि ते ज्याला जमत नसेल त्याने खालूनच परतण्यात कोणताही कमीपणा नाही. दुसरी वाट दक्षिण कड्याकडे जाते, आणि राहुटी पाठीवर असलेले लोक बहुधा हीच निवडतात. रानातून चालता चालता झाडे एकाएकी संपतात आणि पायांपुढची जमीनही संपते. खाली, दीड हजार मीटरांहूनही अधिक खोल, रिओ ग्रांदेची बारीक रेघ चमकत असते. तिच्या पलीकडे एकामागून एक निळसर होत गेलेल्या मेक्सिकोच्या डोंगररांगा. दूर पश्चिमेस पठाराच्या भिंतीत एक फट दिसते. तेथे सांता एलेनाच्या साडेचारशे मीटर उंच कड्यांमधून नदी बाहेर पडते. या कड्यावर बहिरी ससाणे घरटी करतात. त्यांच्या विणीच्या दिवसांत वाटेचा काही भाग माणसांना बंद ठेवतात.

कड्यावर उभे राहिले असता दोन देशांमधील सीमा कोणती, ते दाखवावयास नदीखेरीज काहीही नसते. अस्वले, वटवाघळे आणि वटवटे यांना तर तीही ठाऊक नाही. १९४४ साली उद्यान स्थापन झाले, त्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी मेक्सिकोचे अध्यक्ष मान्वेल आविला कामाचो यांना पत्र लिहून, नदीच्या दोन्ही तीरांवर मिळून एकच आंतरराष्ट्रीय उद्यान व्हावे अशी इच्छा व्यक्त केली होती. ती योजना तशी पुरी झाली नाही. परंतु १९९४ साली मेक्सिकोने आपल्या तीरावर सांता एलेना आणि मादेरास देल कारमेन ही दोन संरक्षित क्षेत्रे घोषित केली, आणि रानातील जनावरांना दोन्हीकडे मोकळी वाट मिळाली.

डोंगरावरील गारव्यामुळे खालच्या वाळवंटाचा विसर पडतो, आणि तोच घातक ठरतो. वर सुखाने चालणारा माणूस दुसऱ्या दिवशी त्याच भरवशावर नदीकाठच्या उघड्या वाटांवर जातो. मे व जून हे तेथील सर्वांत उष्ण महिने. सकाळी अकराच्या आतच खडक तापून निघतात आणि मैलोगणती सावली मिळत नाही. जून २०२३ मध्ये पारा ४८ अंशांच्या आसपास असताना अशाच एका ओसाड वाटेवर शाळकरी वयाचा एक मुलगा उष्म्याने प्राणास मुकला. मदत बोलवावयास दूरध्वनीची सोय अशा जागी बहुधा चालत नाही. म्हणून या दिवसांत खालच्या वाटांवर जाऊच नये, आणि गेलेच तर पहाटे जाऊन ऊन चढण्यापूर्वी परतावे. बरोबरचे पाणी निम्मे संपले की ठिकाण हाकेच्या अंतरावर असले तरी मागे फिरावे. डोके दुखू लागले, मळमळले किंवा घाम येण्याचे थांबले, तर धीटपणा बाजूला ठेवून सोबत्यांना तत्काळ सांगावे. पाण्याबरोबर काहीतरी खारट खाणेही अवश्य आहे. घामावाटे मीठ गेलेले असते, आणि नुसतेच पाणी पीत राहिल्याने ती तूट भरून येत नाही.

माथ्यावरून परतलेले प्रवासी बहुधा शेवटच्या दिवशी ‘खिडकी’ पाहावयास जातात. खोऱ्याच्या पश्चिम कड्यात एक अरुंद भेग आहे. तिच्यातून मावळता सूर्य आणि पलीकडचे वाळवंट चौकटीत बसवल्यासारखे दिसते, म्हणून हे नाव. हिची वाट इतर वाटांच्या उलट आहे. जाताना सारखा उतार, त्यामुळे पाय आपोआप पुढे पडतात. चढ सारा परतताना, दमलेल्या पायांनी आणि रिकाम्या बाटल्यांनी. अनुभव नसलेले लोक फसतात ते येथेच. खोऱ्यात पडलेल्या पावसाचा थेंबन् थेंब याच भेगेतून बाहेर जातो. युगानुयुगे वाहिलेल्या त्या पाण्याने तेथील खडक आरशासारखे गुळगुळीत केले आहेत, आणि पुढे साठेक मीटरांचा सरळ कडा आहे. कठड्याचे नाव नाही. आकाशात ढग जमले असता या वाटेला जाऊ नये. दूर माथ्यावर पडलेली सर येथे काही वेळातच लोंढा होऊन येते, डोक्यावर ऊन असतानासुद्धा.

उन्हाळ्याच्या अखेरीस दुपारी असे ढग वारंवार जमतात. कड्यांवर विजा नाचतात, अर्धा-पाऊण तास पाऊस झोडपून काढतो, कोरडे ओढे तांबड्या पाण्याने फुगतात आणि खिडकीतून धबधबा खाली कोसळतो. सायंकाळी मोटारी डोंगर उतरू लागतात, तेव्हा वाळवंटातून एक उग्र, ओला वास येत असतो. तो तेथील क्रिओसोट नावाच्या झुडपाच्या पानांचा. या मुलखात पावसाचा वास म्हणजे हाच. रस्त्याकडेच्या डबक्यांतून मेंढरू ओरडावे तसे आवाज ऐकू येतात. मागच्या पायांवर फावड्यासारखी धार असलेले बेडूक वर्षाचे कित्येक महिने जमिनीखाली पुरून घेऊन निजलेले असतात. पावसाचा दणका ऐकून ते त्याच रात्री वर येतात आणि डबक्यात अंडी घालतात. अंडी एक-दोन दिवसांत फुटतात. डबके आठवडा-दीड आठवड्यात आटावयाचे असते, आणि तेवढ्या अवधीत त्या पिलांना शेपटी टाकून, पाय फुटून, जमिनीवर यावयाचे असते.